रूथ मॅडम आणि ग्रेसची मम्मी

सकाळचे साडेआठ वाजले होते. दुधाची पिशवी घ्यायला मी दार उघडलं, तर समोरच्या फ्लॅटबाहेर दोन मुलं दप्तरं पाठीला लावून स्वतःच्याच घराची बेल वाजवत होती. मुलगी असेल अकराएक वर्षांची, मुलगा सात-आठचा. दार उघडलं. आत एक बाई, नाकावर चष्मा, गळ्यात ओळखपत्र.

"गुड मॉर्निंग. आज पाच मिनिटं उशीर काहून झाला?"

"मॅडम, आमच्या मम्मीनं पोहे उशिरा केले," मुलगा म्हणाला.

"तुमच्या मम्मीले सांगा, हे असं रोज नाही चालणार. चला, आत या."

दार लागलं. मी पिशवी हातात धरून तशीच उभी. तिघांचं नाक एकसारखं होतं, जिवणी एकसारखी होती, आणि पोह्यांचा वास त्याच घरातून येत होता. दुपारी तीच बाई चष्मा न लावता, वाटीत शेवयांची खीर घेऊन माझ्या दारात आली. "मी रूथ. परवाच राहायला आलो आम्ही. सकाळी तुमाले ओळख नाही देऊ शकली मॅडम, ड्यूटीवर होती."

मी पराते मॅडम. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि शहराच्या टोकाला बेसा भागातल्या या फ्लॅटमध्ये शांतपणे राहायचं ठरवलं. रूथ समोर आली आणि शांतपणा संपला. ती आपल्या दोन्ही मुलांना, ग्रेस आणि योएलला, शाळेत न पाठवता घरीच शिकवायची. नवरा विजय बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात शिफ्टवर. मुलं सव्वाआठला घराबाहेर पडत, बिल्डिंगला एक चक्कर मारत आणि बेल वाजवून 'शाळेत' येत. त्यानंतर साडेबारापर्यंत रूथ त्यांची कुणी नव्हती. योएलचं पोट दुखलं तर ती म्हणायची, "घरी जाऊन मम्मीले सांग." मग योएल दाराबाहेर जाऊन पुन्हा बेल वाजवायचा, चष्मा काढलेली मम्मी दार उघडायची आणि ओव्याचं पाणी द्यायची.

मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. शाळा म्हणजे शाळा. तिथे घंटा हवी, फळा हवा, छडी नसली तरी छडीची आठवण हवी. मी तिला तसं बोलूनही दाखवलं. रूथ हसली. "मॅडम, तुमचं बरोबर आहे. माहंही बरोबर आहे. प्रभू पाह्यून घेईन कोणाचं जास्त बरोबर आहे ते."

प्रभूकडे ती सगळंच सोपवायची, आणि तेही मोठ्याने, डोळे मिटून, हातातलं काम न सोडता. स्कूटी सुरू झाली नाही की किक मारता मारता, "प्रभू, पाह्यजो गा, पोट्टे उन्हात उभे आहेत." कुकरची शिट्टी होईना की, "प्रभू, डाळ तुह्या हातात आहे." घरातल्या धाकट्या दिराशी बोलावं तशी ती देवाशी बोले. माझ्या देव्हाऱ्यातल्या गणपतीला मी अशी कामं सांगायला कधीच धजले नाही. तो काय म्हणेल, ही भीती.

मे महिन्यात तिने घनफळ शिकवायला घेतलं. कूलरची टाकी किती पाणी पिते, हे बादल्यांनी मोजायचं. तीन बादल्या झाल्या आणि चौथी भरायला नळ सोडला, तेवढ्यात विजयचा फोन आला. मॅडमनी फोन घ्यायला चष्मा काढला, मम्मी झाली, आणि नळ मॅडमबरोबर विसरला गेला. पाणी हॉलमधून निघालं, दाराखालून बाहेर आलं आणि माझ्या पायपुसण्याला भेटलं. मी तणतणत समोर गेले. आत ग्रेस घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून वहीत लिहीत होती, "लांबी अधिक रुंदी अधिक उंची."

"अधिक नाही गं बाई, गुणिले!" मी ओरडले. भांडायला आलेली मी साडी वर खोचून पाण्यात उतरले आणि पाऊण तास घनफळ शिकवलं. रूथ बाजूला उभी राहून फरशी पुसत होती आणि डोळे मिटून म्हणत होती, "प्रभू, धन्यवाद. गणिताची मॅडम पाठवाची होती तं सांगून पाठवाची ना, पाणी कायले पाठवलं?" दुसऱ्या दिवसापासून रोज अकरा वाजता मी समोर गणित शिकवायला जाऊ लागले. पगार म्हणून गरम पोळी आणि ठेचा. मी रागावून एखादं उत्तर खोडलं की ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "चुकलं तं चुकलं. चूक काही पळून नाही जात, आधी जेवून घ्या." चौतीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

तिची पालकसभा तर पाहण्यासारखी. हॉलमध्ये समोरासमोर दोन खुर्च्या. रूथ मॅडमच्या खुर्चीत बसून म्हणायची, "योएलचं अक्षर म्हणजे मुंग्याची रांग आहे." मग उठून समोरच्या खुर्चीत जाऊन, चष्मा काढून, तावातावाने, "मॅडम, तुम्ही त्याले लय घाई करता!" विजय रात्रपाळी करून आलेला असायचा. तो शेजारच्या स्टुलावर पेंगत दोघींनाही मान डोलवायचा. एकदा त्या दोघींचं इतकं जुंपलं की मला मध्ये पडावं लागलं.

हे सगळं कशासाठी, ते मला वर्षभराने कळलं. ग्रेस तिसरीत असताना एका शाळेत जायची. तिथे तिची वाचा बसली. घरी बोलायची, वर्गात ओठ उघडत नव्हते. हजेरीला 'हजर' म्हणणंही जमत नव्हतं, म्हणून बाईंनी तिला गैरहजर लिहायला सुरुवात केली. "पोरगी बाकावर बसून आहे मॅडम, अन् रजिस्टरमधी गैरहजर. दीड महिना. मी शाळेत विचाराले गेली तं म्हणे, बोलत नाही तं आम्ही काय करावं? मी तिचं दप्तर उचललं अन् घरी घेऊन आली." रूथ हे सांगताना हसत नव्हती. तिला मी पहिल्यांदाच न हसता पाहत होते. शाळा म्हणजे शाळा, हे वाक्य त्या दिवसानंतर मी तिच्यासमोर उच्चारलं नाही.

ग्रेस तेरा वर्षांची झाली. एका दुपारी बीजगणित सोडवता सोडवता ती पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "आजी, मले खऱ्या शाळेत जायचं आहे. आठवीत. संडे स्कूलच्या सगळ्या पोरी जातात. त्याइले मधली सुट्टी असते, डब्बा वाटून खातात. मी कोणासोबत वाटू? योएलसोबत?"

"मग मम्मीला सांग."

"मम्मीले वाटन, तिची शाळा मले आवडत नाही. आवडते हो आजी. पण मम्मी रडन. तुम्हीच सांगा ना."

मी नाही म्हटलं. आई-लेकीच्या मध्ये पडू नये, असं मी तिला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ग्रेस गेली की माझा अकरा वाजताचा तासही अर्धा झाला असता. म्हातारी माणसंही स्वार्थी असतात.

रूथच्या चर्चमध्ये एक रीत होती. प्रार्थनेसाठी कुणाला काही मागायचं असेल, तर नाव न लिहिता चिठ्ठी पेटीत टाकायची. रविवारी महिला मंडळातल्या बायका एकेक चिठ्ठी उचलत आणि आठवडाभर त्या अनोळखी माणसासाठी प्रार्थना करत. ग्रेसने मैत्रिणीच्या हातून एक चिठ्ठी लिहवून घेतली आणि पेटीत टाकली. पेटीत तीस-पस्तीस चिठ्ठ्या होत्या. ही चिठ्ठी नेमकी कुणी उचलली असेल?

सोमवारी रूथ ती चिठ्ठी नाचवतच माझ्याकडे आली. "दुसऱ्याची चिठ्ठी कोणाले दाखवाची नसते. पण तुम्ही तं आमच्या चर्चच्या नाही, तुमाले दाखवली तं चालते." चिठ्ठीत होतं, 'माझी आई खूप चांगली आहे. पण मला तिला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती ऐकणार नाही अशी भीती वाटते. प्रभूने तिचं मन तयार करावं.'

"कशी माय असन वं बाई ही!" रूथ कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पोटची पोरगी घाबरते तिले! मले भेटली ना, तं मी सांगीन तिले चार गोष्टी." मी शंकरपाळं तोंडात टाकलं. बोलायला नको म्हणून दुसरं टाकलं. त्याच वेळी तिच्यामागे दारात ग्रेस उभी होती, आणि तिचे कान लालबुंद झाले होते.

तो आठवडा मी जन्मात विसरणार नाही. रूथ त्या माउलीच्या मागे हात धुऊन लागली. पोळ्या लाटताना, "प्रभू, त्या बाईचं डोकं ठिकाणावर आण." कपडे वाळत घालताना, "प्रभू, तिचे कान उघड." ती बाई कोण असावी, याचा तपासही चालू होता. संशय सगळा महिला मंडळातल्या जयश्रीवर, कारण जयश्रीची मुलगी गप्प गप्प असते. शुक्रवारी रूथने त्या बाईसाठी चक्क उपास धरला. ग्रेस माझ्याकडे येऊन रडवेली झाली. "आजी, मम्मी मम्मीसाठीच उपास करून राहिली. सकाळपासून पाणी पण नाही घेतलं." मला इतकं हसू फुटलं की मीही रडवेली झाले.

तो रविवार झावळ्यांचा होता, ईस्टरच्या आधीचा. "मॅडम, आज तुम्ही चलाच," म्हणत रूथने मला स्कूटीवर मागे बसवून नेलं. मुलं हातात झावळ्या घेऊन गात आत आली आणि पुढच्या रांगेत बसली. मी शेवटच्या बाकावर. साक्ष देण्याची, म्हणजे प्रभूने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची वेळ झाली, तशी रूथ उठली.

"या आठवड्यात मी एका माईसाठी प्रार्थना केली. ती इथंच बसली असन. बाई, मी तुले नावं नाही ठेवत. लेकराच्या प्रेमातच माय चुकते. तू फक्त ऊठ. मी येते अन् तुह्या बाजूले उभी राहते."

कुणी उठेना. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. रूथने जयश्रीकडे इतकं प्रेमाने पाहिलं की ती बिचारी पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. पास्टरांनी घसा खाकरला. आणि पहिल्या रांगेत एक झावळी उंच झाली. ग्रेस उभी राहिली होती.

"मम्मी, ती माय तूच आहे. चिठ्ठी माही होती. मले खऱ्या शाळेत जायचं आहे."

दीडदोनशे माणसं बसली होती. ग्रेसच्या हातात माइक नव्हता. तरी शब्द न् शब्द शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आला.

मला वाटलं, आता रूथ खाली बसणार. पण ती वळली आणि भर चर्चमध्ये विजयला म्हणाली, "ऐकलं काहो? माही पोरगी बोलली! एवढ्या माणसात बोलली! माइकबी नव्हता तिच्याजवळ!" आणि ती रडू लागली, हसू लागली, कुठलं संपतं आणि कुठलं सुरू होतं ते समजेना. मग एकदम म्हणाली, "पण पास्टर, मी त्या माईच्या बाजूले उभी राहीन म्हटलं होतं. आता मीच माह्या बाजूले कशी उभी राहू?" तेव्हा पर्स बंद करून जयश्री उठली आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. सारं चर्च हसलं. पास्टर तर भिंतीकडे तोंड करून हसत होते.

परत येताना तिने स्कूटी भरधाव हाकली. जिन्यात म्हणाली, "तुमाले माहीत होतं, मॅडम. मी चिठ्ठी दाखवली अन् तुम्ही समोर बसून शंकरपाळे खाल्ले." मग दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी ठेच्याची वाटी आली, जास्तच तिखट. ती मी मुकाट्याने खाल्ली.

जूनअखेर ग्रेस आठवीत जाऊ लागली. पहिल्या दिवशी फाटकाबाहेर रूथ दुपारपर्यंत उभी होती, वॉचमनने तिला स्वतःची खुर्ची दिली. घरची शाळा योएलच्या एकट्यावर आली. पहिला नंबर त्याचाच आणि शेवटचाही त्याचाच. रूथ सगळं करत होती, हसतही होती, पण पोळी लाटता लाटता मध्येच थांबायची. "मॅडम, बोलत असन ना हो ती तिथं?" रोज हाच प्रश्न. ग्रेस घरी येऊन बोलते, असं सांगितलं तरी तिचं समाधान होईना. घरी तर ती तेव्हाही बोलायची.

ऑगस्टमधल्या एका दुपारी माझी बेल वाजायची थांबेना. दार उघडलं तर रूथ, एका हातात फोन, दुसऱ्या हातात पेढ्यांचा डबा. तिने फोन माझ्यापुढे धरला. शाळेतून वर्गशिक्षिकेचा निरोप होता, 'आपली पाल्य ग्रेस वर्गात सतत बोलते. कृपया समज द्यावी.'

सवयीने माझ्या कपाळावर आठी आली. मग रूथचा चेहरा पाहिला आणि ती आठी कुठे गेली, मला कळलं नाही.

"सतत म्हणे मॅडम," ती कुजबुजली. "सतत!"

असे निरोप मीही चौतीस वर्षांत कितीतरी घरी पाठवले. ते वाचून कुणी पेढे वाटत असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं. मी दोन पेढे खाल्ले. डॉक्टरांनी अर्धाही खाऊ नका म्हणून बजावलं आहे. तोवर रूथ जिन्यावरच बसली होती आणि बाईंना काय उत्तर लिहावं म्हणून विचार करत होती. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी पाठवायच्या आधी, शुद्ध आहे ना म्हणून तिने मला ते वाचून दाखवलं.

'मॅडम, कळवल्याबद्दल मनापासून आभार. पुन्हा बोलली तर पुन्हा नक्की कळवा.'