मुकादमाच्या दाढा

आमचा मामा किल्ल्या बनवायचा. रस्त्याकडेला पत्र्याची टपरी, आत किल्ली घट्ट धरायला एक पकडशेगडा, चार कानशी आणि खिळ्याला लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या. पायाशी कुत्रा, नाव मुकादम. दिवसभर नुसता बसून दुसऱ्यांचं काम बघतो म्हणून मामीने ठेवलेलं नाव. मामी गेली, मूलबाळ नव्हतं, मग घरी हे दोघंच उरले.

मामी गेल्यावर मामाने कवळी काढून डब्यात ठेवली ती ठेवलीच. म्हणायचा, तोंड दाखवायचंय कुणाला? दुधात पाव कुस्करायचा, उकडलेला बटाटा कुस्करायचा, अर्धं आपण, अर्धं मुकादमाला. आई फोनवर ओरडायची, "अरे दादा, त्याला तरी काहीतरी धड दे!" तर म्हणायचा, "ताटलीसुद्धा चाटून ठेवतो, अजून काय पाहिजे?"

मग एक दिवस मुकादमाच्या डोळ्याखाली हीऽ सूज आली. मामाला वाटलं गांधीलमाशी चावली. हळद लावली. सूज फुटून पू आला तेव्हा घाबरला आणि त्याला कडेवर घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेला.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होती. ओठ वर करून बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, दाढा सडल्यात. डोळ्याचं काही नाही, दाढेच्या मुळातून पू वर चढलाय. चावायचं कधी सोडलं यानं?"

"आमच्याकडे चावायला काही असतंच कुठे? मलाच दात नाहीत."

"म्हणजे दोघांत मिळून एक धड दात नाही?" ती हसली. मग मामाचं तोंड बघून म्हणाली, "वर्षभर तरी दुखत असणार हो त्याला. कुत्री सांगत नाहीत. कोपऱ्यात पडून राहतात."

मामाला ते लागलं. मुकादम वर्षभर त्याच्या खाटेला चिकटून पडलेला असायचा. मामाला वाटायचं, माया आहे.

बाईने नीट समजावलं. भूल देऊन सगळ्या दाढा काढायच्या, पण वय झालंय, हृदयाचा आवाज बरोबर नाही, टेबलावरच जाऊ शकतो. नाहीतर गोळ्या द्यायच्या, सूज उतरेल, परत येईल, दुखणं राहील. पण असेल तो घरात.

मामाने त्याच्यासाठी गोळ्या नेल्या. "घरात असू दे," म्हणाला. सूज उतरली, परत आली. मुकादम भिंतीला गाल घासायचा आणि कण्हायचा. मामाने आईला फोन केला. "अगं, काय करू? गेला तर मी कुणाशी बोलू?"

आई म्हणाली, "आणि त्याने दुखणं कुणाला सांगायचं?"

मामाने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी घेऊन गेला. आधी रक्त तपासलं, हृदयाचं औषध सुरू केलं, मग पुढच्या आठवड्यात भूल दिली. डोळे मिटेपर्यंत मामाचा हात त्याच्या मानेवर होता. मग बाहेरच्या बाकावर बसला. शेजारच्या बाईने मांजराबद्दल काय काय सांगितलं, त्याला एक शब्द आठवत नव्हता.

वाचला मुकादम. आणि काय सांगू, महिन्याभरात कुत्रं बदललं! पोरांमागे धावायला लागलं, पलीकडच्या गल्लीत जाऊन बसायला लागलं. टपरीत दुपारभर मामा एकटा. घरी यायचं ते जेवायला आणि झोपायला, तेही दाराशी, वाऱ्याला. खाटेजवळ नाही.

आईला म्हणाला, "दुखत होतं म्हणून माझ्यापाशी होता गं तो."

"मग बांधून ठेव!"

"आत्ता कुठे बरा झालाय. बांधू कशाला?"

मामा गेला तो भरदुपारी, टपरीतच, कानस हातात. छातीत दुखत होतं म्हणे सकाळपासून. मुकादम तेव्हा पलीकडच्या गल्लीत. आई आल्या आल्या त्याच्यावरच चिडली, "मेल्या, आज तरी जवळ बसायचंस!" तर समोरचा चपला शिवणारा म्हणाला, "ताई, त्याला नका बोलू. मी म्हटलं होतं किल्लीवाल्याला, बरं वाटत नाही तर हाक मार की कुत्र्याला, येईल, जरा सोबत होईल. तर म्हणाला, खेळतोय तो, खेळू दे."