सासऱ्यांनी बंद केलेली गोळी

माझे सासरे पंप दुरुस्त करतात. विहिरीवरचा असो की इमारतीच्या तळातला, नुसता कान लावून त्याचं दुखणं सांगतात. इथवर कौतुकच आहे. वैताग असा की माणसाचं शरीरही त्यांच्या लेखी पंपच असतं. मला सर्दी झाली की ‘वॉशर गेलाय’, माझी लेक रडली की ‘हवा अडकलीय’. निदान तेच करतात आणि उपचारही.

परवा त्यांनी मला कामावरून फोन करून एका इमारतीच्या गच्चीवर बोलावलं. टाकीच्या आडोशाला नेलं. जिन्याचं दार लावून घेतलं.

“जावईबापू, जरा खासगी होतं.”

मला वाटलं, माझी स्कूटर मागतायत. त्यांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली.

“या गोळ्या बोगस आहेत. त्या, पुरुषांच्या... समजलं ना?”

समजलं. आमच्या शाळेत तो धडा मास्तरांनी ‘घरी वाचून घ्या’ म्हणून सोडला होता आणि घरी कुणी वाचू दिला नव्हता, तरी समजलं. सासऱ्यांच्या बाबतीत जावयाला जे कधीच समजू नये, नेमकं तेच समजलं.

“कुणी दिल्या?”

“डॉक्टरीणबाईंनी, चिठ्ठी लिहून. मी काय चोरून आणणार? गोळी घेतली, बातम्या लावल्या, बसलो वाट बघत. बातम्या संपल्या. काही नाही!”

“आणि आई कुठे होत्या?”

“ती बहिणीकडे गेली होती. म्हटलं, आधी चाचणी घ्यावी. मोटर जोडण्याआधी नुसती फिरवून बघतोच की आपण.”

मी कपाळाला हात लावला. ते मात्र रंगात आले होते.

“पण आता मी मूळ बिघाड शोधलाय. बीपीची गोळी! ती प्रेशर कमी करते. खाली प्रेशरच नसेल तर पाणी वर चढेल कसं? म्हणून ती बंद केली.”

“बंद केली? कधी?”

“झाले बरेच दिवस. ही सकाळी हातावर ठेवते, मी खिशात टाकतो.” हे सांगताना त्यांनी टाकीचा पाइप घट्ट धरला होता. “जरा गरगरतंय, एवढंच. उन्हानं.”

ऊन नव्हतं. आभाळ भरलेलं होतं.

त्यांना दंडाला धरून खाली आणलं आणि तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी एका हाताचा बीपी बघितला, मग दुसऱ्या हाताचा. मग त्यांना आडवं केलं आणि औषध दिलं.

“एवढा बीपी घेऊन शिड्या चढत होतात? मेंदूतली नस फुटली असती म्हणजे? आणि ही दुसरी गोळी प्रेशर वाढवत नाही हो. ती नसा सैल करते, रक्ताला वाट देते. तेही मनात इच्छा असली तरच. बातम्या बघून काही होत नसतं.”

सासरे छताकडे बघत राहिले. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे.

“छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी घेता का?”

“नाही.”

“कुणी द्यायला लागलं तर आधी या गोळीबद्दल सांगायचं. दोन्ही एकत्र पोटात गेल्या तर बीपी धाडकन कोसळतो. जिवावर बेततं. आणि ज्यासाठी ही गोळी नेलीत, तो त्रास होतो बहुतेकदा बीपीनं नाहीतर साखरेनं. बीपीच्या काही गोळ्यांनीही होतो कधीकधी. तसं वाटलं तर मला सांगा, मी बदलून देईन. पण मनानं बंद करायची नाही.”

“बघा!” सासरे पडल्या पडल्या माझ्याकडे वळले. “गोळीचाच दोष होता!”

“तेवढंच ऐकू आलं का तुम्हाला?” मी ओरडलोच.

“बीपी आटोक्यात येईपर्यंत ती पट्टी कपाटात,” बाई म्हणाल्या. “आणि घरी सगळं सांगा. गोळी पोटात जातेय की खिशात, यावर कुणाचं तरी लक्ष हवं.”

“जावई सांगतील.”

“मी?”

“तुम्ही शिकलेले. नीट शब्दांत सांगाल.”

“बाबा, या गोष्टीला नीट शब्द असते तर मास्तरांनी धडा सोडला नसता!”

बीपी जरा उतरल्यावर बाईंनी बीपीची नवी गोळी देऊन सोडलं. घरी सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. आम्हा दोघांना भलत्या वेळी एकत्र बघून त्यांचा चेहरा उतरला.

“काय झालं? हार्टचं काही आहे का?”

मी खोकलो. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी चपलांकडे. शेवटी सासूबाई हातातली चादर टाकून पुढे आल्या तेव्हा ते स्वतःच बोलले. तुटक, आडवळणानं, मध्ये दोनदा मोटर आणून, पण सगळं.

सासूबाई खुर्चीत टेकल्या.

“म्हणून बाहेरच्या खोलीत झोपायला लागलात? आणि मी समजत होते, माझ्या घोरण्याला कंटाळलात.”

“घोरतेस तू. पण ते कारण नव्हतं.”

“अहो, मग बोलायचं ना! ते झालं तर झालं, नाही तर नाही. तुम्ही त्या टाकीवरून खाली पडला असतात तर मी कुणाला विचारायचं होतं?” बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. त्या उठल्या, पाण्याचा पेला आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेली नवी गोळी घेऊन आल्या. “घ्या. माझ्यासमोर.”

त्यांनी गिळली.

“आ करा. जीभ वर. आता खिसे उलटे करा.”

खिसे रिकामे निघाले. तेव्हा कुठे त्या माझ्याकडे वळल्या.

“आणि तुम्ही? तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?”

“आजच कळलं, आई! शपथ!”

सासरे उलटे खिसे लोंबकळत ठेवून तसेच उभे होते, आणि माझ्याकडे बोट दाखवत, मान हलवून सासूबाईंना सांगत होते, जावयांना पहिल्यापासून सगळं माहीत होतं म्हणून.