हँडब्रेक कोणी ओढला?

पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची तर हँडब्रेक ओढायचा नाही, हे आमच्या रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गिअरमध्ये टाकायची आणि चाकांना जांभ्या दगडाचे चिरे लावायचे. नाहीतर खाऱ्या दमट हवेने आतले ब्रेकशू गंजून चाकामागच्या ड्रमला असे धरतात की विचारता सोय नाही. दिवाळीला ठाण्याहून घरी आलो, बाबांची जुनी गाडी काढायला गेलो, तर ती जागची हलेना. मागची दोन्ही चाकं जाम. आणि हँडब्रेक पार वरपर्यंत ओढलेला!

माझं डोकंच फिरलं. "बाबा, कितीदा सांगितलं होतं तुम्हाला?"

"मी नाही रे ओढला. मी चिरे लावले होते."

"मग कुठे गेले चिरे? पाय फुटले त्यांना?"

बाबा चाकांकडे बघत राहिले. तिथे एकही चिरा नव्हता. वर्षभर आई फोनवर हेच सांगत होती, हे विसरायला लागलेत, सकाळची गोळी दोनदा घेतात, चष्मा फ्रीजमध्ये सापडतो. मला भीती वाटत होती. आणि भीती वाटली की मी ओरडतो, ही माझी जुनी खोड.

हँडब्रेक खाली केला तरी चाकं सुटेनात, म्हणून ती काढायला घेतली. नट गंजून एकजीव झालेले. गंज सोडवायचा फवारा अर्धा संपवला. पाना सटकून बोटांची सालं निघाली. पान्याला पाइप लावून त्यावर उभा राहिलो, तरी ढिम्म! बाबांचं आयुष्य मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरच्या इंजिनांवर गेलेलं. ते शांतपणे म्हणाले, "आधी जरा आवळ. मग सोडव."

"सोडवायचाय हो बाबा! आवळायचा नाहीये!"

ते चहा सांगायला आत गेले तेव्हा मी गुपचूप नट आवळून पाहिला. कट्ट झालं आणि मेला सुटला. बाकीचेही तसेच सुटले. बाबा बाहेर आल्यावर मात्र मी त्यांना ते सांगितलं नाही.

चाक निघालं, मग आतला ड्रम. हातोडीचा एक ठोका ड्रमला, एक टोमणा बाबांना. "ओढायचा कशाला पण? गरजच काय होती?" तीनदा ते म्हणाले, मी ओढला नाही. चौथ्यांदा खालच्या आवाजात म्हणाले, "ओढला असेन. हल्ली काय लक्षात राहतंय माझ्या."

आणि आत जाऊन गाडीची चावी घेऊन आले. माझ्या काळ्या हातात ठेवली. "तुझ्याकडेच राहू दे. उद्या चालवताना काही विसरलो तर?"

मला हेच तर कबूल करून घ्यायचं होतं ना? घ्या, झालं कबूल. चावी खिशात टाकली आणि दात-ओठ खात ड्रमवर असा घाव घातला की तो निघून हातात आला. तो ठेवायला जागा शोधली, तर पायरीजवळ चपला ठेवायची फळी दिसली. खाली चार चिरे.

ती फळी मी लावली होती. गणपतीत आरतीला माणसं येणार, घरापुढचं खळं मोकळं हवं, म्हणून गाडी मीच घराच्या बाजूला घेतली होती. चाकांचे चिरे काढले, फळीखाली घातले. आणि ठाण्याला उतारावर गाडी लावून लावून जडलेल्या सवयीने हँडब्रेक ओढला. खस्सकन. मीच.

ड्रम तिथेच जमिनीवर टाकला. "बाबा, तुम्ही नाही. मीच ओढला होता. चिरेही मीच काढले."

आता माझी खरडपट्टी निघणार असं वाटलं. निघायलाच हवी होती. बाबांनी वाकून फळीखाली पाहिलं, एकेका चिऱ्याला हात लावला. मग चावीसाठी हात पुढे केला आणि घराकडे तोंड करून ओरडले, "अगो, ऐकलंस काय? मी विसरलो नव्हतो!"