दादाने उतरवलेली स्टेपनी

"आत्या, बाबा गेले," लाखनीहून भाच्याचा फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कोणी मारलं?" तो म्हणाला, "कोनी नाही वो, छातीत कळ आली." मला हायसं वाटलं. सख्खा भाऊ गेल्याचं कळूनही हायसं वाटावं, असं एका चाकानं आमचं करून ठेवलं होतं.

वामनदादाचं हायवेवर पंक्चरचं दुकान. एका चाकासाठी थांबलेल्या ट्रकची बाकीची चाकंही तो तपासायचा, स्टेपनीसुद्धा, आणि तेही फुकट. पुढे साकोलीकडे जंगल लागतं, तिथे माणूस अडकू नये म्हणून. ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात ड्रायव्हर चहाला गेला असताना त्याने अशीच एक स्टेपनी खाली घेतली. हवा भरेना, म्हणून टायर खोलला, तर आत ट्यूबच नाही. पांढऱ्या पुडीची पाकिटं गच्च बसवलेली. दादाने ओळखीच्या हवालदाराला बोलावलं. पुढे पेपरात आलं, की ती हेरॉइनची पूड, माल सरहद्दीपलीकडचा. तिकडच्या लढाईतल्या बंदुका म्हणे या पुडीच्या पैशावर येतात. कलकत्त्याहून ती पूड बोटीने परदेशी जाणार होती, आणि मालक आखातातल्या एका शहरात बसलेला. एवढ्या मोठ्या भानगडीत स्टेपनी उतरवणारा साक्षीदार एकच, आमचा दादा!

खटल्याआधी दोघे जण जीप घेऊन आले. मी तेव्हा माहेरी होते. धडधाकट चारही चाकं त्यांनी दादाला खोलायला लावली आणि बाकड्यावर बसून नुसते बघत राहिले. शेवटी एक जण गोड आवाजात म्हणाला, "कोर्ट में बोलना, स्टेपनी उतारी ही नहीं."

वहिनीने लेकराला आत ओढलं. दादा म्हणाला, "मीच उतरवली ना भाऊ. तुमची बी उतरवू काय?"

ते दोघे हसले. ते हसणं मला आजही ऐकू येतं. जीप गेल्यावर वहिनी कडाडली, "तुमाले कायले पाह्यजे जगाची उठाठेव? लेकरू हाये घरात!" दादा हात धुता धुता म्हणाला, "एकदा वाकलो, का मंग रोजच वाकवतीन."

त्याने साक्ष दिली. ड्रायव्हर आत गेला. मालकाला मात्र त्या देशाने सोपवलं नाही, आणि आपल्याकडचं मागणंही हळूहळू थंडावलं. मी चिडले, तर दादा म्हणाला, "ज्याच्या घरून तेल आणाचं, त्याच्या घरातला चोर कोन मागते वो बाई?" ट्रकवाले त्याचं दुकान टाळू लागले. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, पण माझा जीव तुटायचा.

तेरवीचे पाहुणे पांगल्यावर मी बाजारातून परतले. त्या आळीत दिवसा कुणी दार लोटतसुद्धा नाही. दादाच्या दाराला तेवढी, त्या साक्षीपासून, आतून कडी. मी हाक मारली.

"कोन?"

"मी, सुमन."

"एकटीच हायेस?"

मग कडी निघाली. "वहिनी, आता कायले वो कडी?" मी विचारलं. मला आत घेऊन तिने ती पुन्हा सरकवली.

"हे गेले," ती म्हणाली. "तो मालक तिकडं जित्ता हाये ना."