लिंबाखालची तपासणी

अंगणवाडीच्या बाई मुलांकडे कधी टक लावून पाहत नसत. मान खाली घालून खिचडीचे तांदूळ निवडत बसायच्या. आणि विचारलं, की कोण पायरी चढताना भिंत धरतं, कोण चित्र डोळ्यांशी नेऊन पाहतं, सगळं धडाधड सांगायच्या. म्हणायच्या, "समोरून पाह्यलं का लेकरू शहाणं होऊन बसते, साहेब. तांदूळ निवडता निवडता पाहा लागते."

पांढरकवड्यापासून आत, डांबर संपतं तिथे त्यांचं गाव. कापसाचे, कर्जापायी शेतकरी जीव देत होते ते वाईट दिवस. गावात सरकारी जीप शिरली की लोक एवढंच विचारत, "कोणाच्या घरी?" मी जीपमधून शाळेआधीच्या लेकरांची तपासणी करायला आलोय, हे कुणाला पटेना. बाईंनी मात्र 'जय भीम' करून माझ्या हाती वहीचं पान ठेवलं. त्यावर लिहिलं होतं : रेखा, वय चार. मागून हाक मारली तर येत नाही.

मी नवा होतो. गळ्यात ओळखपत्र, हातात खुळखुळा, आणि डोक्यात भलताच आत्मविश्वास. अंगणात रेखाला बसवून मागून खुळखुळा वाजवला. ती वळली. दुसऱ्यांदा वाजवला, पुन्हा वळली. वेचणी सोडून आलेली तिची आई ओटीत कापूस तसाच घेऊन उभी होती. ती हरखून म्हणाली, "पाह्यलं ना बाई? आयकते माही पोर!" मलाही बरं वाटलं. 'ऐकू येते' असं लिहून मी मोकळा होणार होतो. पुढचं शिबिर कधी, ते मलाच ठाऊक नव्हतं, आणि बोलायला शिकण्याचं वय काही थांबत नाही.

"सही नोका करू, साहेब," बाई म्हणाल्या. सूप मांडीवर तसंच होतं. "पोरगी आवाजाले नाही वळली. तुमच्या सावलीले वळली. लिंबाखाली घ्या बरं."

ऊन माझ्या पाठीवर होतं. मी हात उचलला की सावलीचा हात रेखाच्या पुढ्यातल्या मातीवर हलत होता. एवढं शिकून मला माझीच सावली दिसली नव्हती! लिंबाच्या दाट सावलीत खुळखुळा वाजवला, घंटी वाजवली, शेवटी ताट बडवलं. रेखा चिंचोके मांडत राहिली.

आई ओटीतल्या कापसासकट खाली बसली. "बाई, तुमी कायले सांगतलं?"

बाई तिच्याजवळ बसल्या. "आज रडून घे. उद्या आपण यवतमाळले जाऊ."

आणि खरंच गेल्या. दवाखान्यातली तपासणी, दाखला, कानाचं मशीन, सगळीकडे रेखाचं बोट बाईंच्या हातात. मग विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा अंगणवाडीत येऊ लागल्या. उरलेले दिवस बाई स्वतः शिकवत. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे सूप धरायचं आणि हाक मारायची, "रेखा!" ती वळली की मूठभर मुरमुरे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. फेरीवर गेलो की मी थक्क होऊन पाहत राहायचो. त्यांच्यापुढे मला आजही लहान वाटतं.

दहाबारा वर्षांनी बाई निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्या निरोप समारंभाला गेलो. अंगणात मांडव होता. दोन वेण्यांची रेखा पाणी वाटत होती. मला राहवलं नाही. तिच्या मागून हळूच म्हटलं, "रेखा."

ती वळली. "काय जी?"

समोर खुर्चीत हार घालून बसलेल्या बाईंनी आधी वर पाहिलं, मांडवातून कुठे ऊन तर येत नाही ना. मग पदर डोळ्यांना लावला.