रुंद पडद्याच्या कडेला

"काका, मेथी घेऊ की चाकवत? आईला विचारा ना."

फोन उचलल्या उचलल्या अनघानं विचारलं. तिच्या मागे मंडईतला गलका ऐकू येत होता, कुणीतरी मटारचा भाव ओरडत होतं... आणि मी वहिनींच्या खोलीत, त्यांच्या पलंगाशेजारी उभा होतो. विचारायला आता कुणी उरलं नव्हतं. सत्तरी ओलांडलेला माणूस मी. उभी हयात विम्याच्या कचेरीत गेली, मृत्यूचे दाखले रोज हाताखालून गेले; पण भर बाजारात उभ्या असलेल्या मुलीला हे कसं सांगायचं ते काही मला सुचेना. "तू ये," एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "आले काका." थोड्या वेळानं ती जिना चढून आली तेव्हा हातातली कापडी पिशवी रिकामीच होती, आणि तिनं ती घडी घालून नीट खुंटीला अडकवली. मगच ती आईकडे वळली. या गोष्टीला आता दीड महिना होईल.

नलिनीवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत त्या तिसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि मी दुसऱ्या. मी लग्न केलं नाही, त्यामुळे सकाळचा चहा माझा आणि जेवण त्यांचं, असा आमचा करार होता. मुलींच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या. पण शाळेत त्यांचं खरं राज्य चालायचं ते गॅदरिंगच्या दिवसांत. नाटकाचं नेपथ्य त्यांच्याकडे असे. पुठ्ठ्याचा राजवाडा उभा करून झाला, की त्या स्वतः पहिल्या रांगेतल्या अगदी टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसायच्या आणि तिथून रंगमंचाकडे बघायच्या. विंगेतलं, म्हणजे कडेच्या आडोशामागचं काहीही त्या खुर्चीवरून दिसता कामा नये, हा त्यांचा नियम. एकदा राणीच्या महालाशेजारी मुख्याध्यापिकाबाईंचा डबा खाताना हात दिसला, तर वहिनींनी भर तालमीत सांगितलं, "बाई, आपण राज्यात नाही आहात, मागे सरका." अशी त्यांची जीभ होती. लागायची, पण लक्षातही राहायची.

दादाच्या शेवटच्या आजारात अनघा परदेशातली चांगली चाललेली नोकरी सोडून घरी आली होती. दोन वर्षं तिनं वडिलांचं सगळं केलं. दादा गेला, आणि मग मात्र तिला पुन्हा उभं राहायला फार दिवस लागले. अर्ज, मुलाखती, नकार... शेवटी कॅनडातल्या एका विद्यापीठात शिकवायची जागा मिळाली. ती गेली त्या दिवशी वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, एकदा ती या घरासाठी थांबली. आता दुसऱ्यांदा नाही थांबवायची. माझं काही झालं तरी." मी म्हणालो, "तुम्हाला काय धाड भरलीय!" बोलाफुलाला गाठ पडते म्हणतात ती अशी. पुढच्याच वर्षी त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. फुप्फुसं हळूहळू आक्रसत जाण्याचा आजार निघाला. बरा होणारा नव्हे. मग घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं, नाकाला नळी आली, कठडे लावलेला पलंग आला. आणि अनघाला यातलं काहीही कळू द्यायचं नाही, अशी मला शपथ घातली गेली.

हे साधलं ते दादाच्या लॅपटॉपमुळे. काळा, जाडजूड, पाट्यासारखा जड, आणि पडदा जवळजवळ चौकोनी. त्याच्या माथ्यावर चिमट्यासारखा कॅमेरा बसवलेला. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यानं त्यात काय काय घालून तो जिवंत ठेवला होता. त्या कॅमेऱ्यात वहिनी आणि त्यांच्या मागचं पुस्तकांचं कपाट, एवढंच मावायचं. वहिनींनी मला समोर बसवून फरशीवर खडूनं दोन रेघा मारल्या होत्या. रेघांच्या आत रंगमंच आणि बाहेर विंग. आत इस्त्रीची साडी, कपाळावर टिकली, पितळी फुलदाणीत ताजी फुलं. बाहेर यंत्र, पलंग, औषधांचा ढीग आणि मी. साडीच्या खाली लोकरी पायमोजे असायचे, पण ते चौकटीत येत नसत. फोनची वेळ झाली की त्या नळी काढायच्या, यंत्र बंद करायच्या आणि हसऱ्या चेहऱ्यानं बसायच्या. अनघा वर्गातल्या गमती सांगायची, बर्फाबद्दल कुरकुर करायची. वहिनी ऐकायच्या जास्त, बोलायच्या कमी. आणि श्वास पुरेनासा व्हायला लागला की म्हणायच्या, "चल गं, मंडईत जायचंय. उशीर झाला की पालेभाजी संपते." फोन बंद व्हायचा. मी धावत जाऊन नळी लावायचो. महिनोन्‌महिने वहिनी जिन्याची एक पायरीसुद्धा उतरल्या नव्हत्या. मंडईत जायचो मी, आणि माझ्या भाजीला नावं ठेवायच्या त्या.

सुरुवातीला हे बोलणं बराच वेळ चालायचं. मग ते आखडत गेलं. "पोरगी म्हणेल, आईला हल्ली माझ्यापेक्षा भाजीचंच जास्त कौतुक," मी एकदा चिडून म्हणालो. "हे नाटक किती दिवस करायचं वहिनी?" त्या नळी सारखी करत म्हणाल्या, "पडेल तोवर. तुमचं काम पडदा ओढायचं, भाऊजी. संवाद माझे आहेत."

अशातच दसऱ्याच्या सुमारास अनघानं नवा लॅपटॉप पाठवला. "आई, तू मला धुरकट दिसतेस. यात स्वच्छ दिसशील, आणि मीही तुला मोठी दिसेन. स्क्रीन आणि कॅमेरा, दोन्ही रुंद आहेत." वहिनींनी खोक्यावरचं चित्र पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. जितका पडदा रुंद तितकी विंग उघडी, हे त्यांना सांगायला नको होतं. खोकं कपाटात, साड्यांच्या खाली गेलं. अनघा विचारायची तेव्हा, "भाऊजींना सवडच होत नाही बघ उघडून द्यायला," असं खुशाल माझ्यावर ढकललं जायचं. निवृत्त, बिनलग्नाच्या माणसाला सवड नाही! तरी मी मान डोलवायचो.

पण दिवाळीनंतर दादाच्या लॅपटॉपनं मान टाकली. मी तो पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं उघडून पाहिला, झाकला आणि म्हणाला, "काका, हा आता चालवायचा नाही, भिंतीवर लावायचा. जाताना हार घेऊन जा." पुण्यात सहानुभूती ही अशीच मिळते. परत आणून मी तो वहिनींच्या मांडीवर ठेवला. दादाच्या बोटांनी त्यावरची काही अक्षरं पार पुसून गेली होती. त्या जागांवरून त्यांनी कितीतरी वेळ हात फिरवला. "यांनी जाता जाता मला एवढी एक आडोशाची जागा ठेवली होती," त्या म्हणाल्या.

अनघाला फोनवर कळवून मी नवा लॅपटॉप उघडला. टेबलावर ठेवून कॅमेरा सुरू केला मात्र, "अगंबाई, अख्खं घर बसलंय की यात!" वहिनी उद्गारल्या. खरंच, पलंग दिसत होता, यंत्र दिसत होतं, नळीचं वेटोळं, औषधांचे डबे, भिंतीला टेकवलेला वॉकर आणि त्या सगळ्यात वेंधळ्यासारखा उभा असलेला मी. त्यांना हसू आवरेना, आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली ती थांबेना. जरा बरं वाटल्यावर त्यांनी खुर्चीत बसून नवं नेपथ्य लावायला घेतलं. वॉकर स्वयंपाकघरात गेला. औषधं परडीत गेली. यंत्र आणि पलंग मात्र हलवता येईनात, म्हणून मी दोरी बांधून त्यांच्यापुढे सोलापुरी चादर टांगली. वहिनींनी पडद्यात चारही कोपरे तपासले. "आता टोकाच्या खुर्चीवरूनही काही दिसत नाही," त्या समाधानानं म्हणाल्या.

संध्याकाळी फोन लागला. अनघा पडदाभर पसरून आली. आजवर चौकोनी पडद्यात कडा कापल्या जाऊन वहिनींना नुसता तिचा चेहरा आणि खिडकीचा तुकडा दिसायचा. आता तिची सगळी खोली दिसत होती. पुस्तकं, चहाची किटली, पार दरवाज्यापर्यंत. "चादर छान आहे गं आई," ती म्हणाली. "हो, भाऊजींना हौस," वहिनी म्हणाल्या. मग त्या पडद्याच्या कडेकडेच बघत राहिल्या. मंडईचंही त्या दिवशी लवकर निघालं.

मी नळी लावली तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, तिच्या दारापाशी लाल बॅग आहे. बघितलीत?" मी नव्हती बघितली. "माझ्या जुन्या साडीचा काठ बांधलाय मुठीला. विमानतळावर ओळखू यावी म्हणून मीच बांधून दिला होता. बॅग भरलेली आहे. वर कोट ठेवलाय." मी म्हणालो, जात असेल कुठे कामाला. पुढच्या फोनलाही बॅग तिथेच होती, वर कोट तसाच. त्याच्या पुढच्या फोनलाही. त्या दिवशी फोन बंद झाल्यावर वहिनींनी नळीसाठी हात पुढे केला नाही. "माझी मुलगी," त्या म्हणाल्या, "आणि विंग झाकता येत नाही तिला..." आणि त्या रडायला लागल्या. दादा गेला तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. ज्या मुलीला थांबवायचं नाही म्हणून जीव मुठीत धरून एवढं सगळं केलं, ती पलीकडे बॅग भरून, फक्त बोलावण्याची वाट बघत थांबलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी फोनच्या आधी त्या म्हणाल्या, "चादर काढा." नळी नाकाला तशीच ठेवून, यंत्र चालू ठेवून त्या कॅमेऱ्यासमोर बसल्या. टिकली मात्र लावली होती. अनघानं पाहिलं. ना ती ओरडली, ना रडली. हलकेच म्हणाली, "त्या मशीनचा आवाज मला कधीपासून ऐकू येतो, आई. फोन बंद व्हायच्या आधीच तुझा हात त्याच्या बटणावर जायचा." वहिनींनी नाकाशी नळी सारखी केली. "येऊ?" अनघानं विचारलं. यंत्राची घरघर तेवढी चालू होती. मग वहिनी म्हणाल्या, "ये."

ती आली, आणि त्या दोघींना थोडे आठवडे मिळाले. थोडेच. ते मोठे भावुक वगैरे नव्हते. वरणाला हिंग किती, यावरून दोघींचं रोज वाजायचं. अनघा आईच्या केसांना तेल लावायची, आई तिच्या वर्गांची चौकशी करायची आणि परत कधी जाणार म्हणून टोचत राहायची. "इतके दिवस मी खोटं बोलले, आता तू खरंच जात जा मंडईत," असं म्हणून रोज सकाळी तिच्या हातात पिशवी द्यायची. त्या दिवशीही दिली. अनघा गेली, आणि मी नेहमीप्रमाणे पेपर वाचून दाखवायला बसलो. वाचकांचा पत्रव्यवहार हे वहिनींचं आवडतं सदर. एक पत्र संपलं की त्या त्यावर शेरा मारायच्या आणि म्हणायच्या, "पुढे?" पाण्याच्या वेळांबद्दलचं पत्र मी वाचून संपवलं आणि थांबलो. "पुढे" आलं नाही... त्यांनी अनघाला मुद्दाम बाहेर पाठवलं होतं का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. शेवटचा प्रवेशही त्यांना कुणाला दिसू द्यायचा नव्हता? ठाऊक नाही. माझं काम पडदा ओढायचं होतं, ते मी केलं. डोळे मीच मिटले.

दिवस झाल्यावर अनघा परत निघाली. त्याच लाल बॅगेत कपडे भरताना मी तिला म्हणालो, "बरं झालं तू ही दारात विसरलीस." ती बॅगेची मूठ धरून बसून राहिली. म्हणाली, "विसरले नव्हते काका. बॅग वर्षभर भरूनच कपाटात ठेवलेली होती. नवा लॅपटॉप उघडताय असा तुमचा फोन आला, तेव्हा ती दारापाशी आणून ठेवली. मी येते म्हटलं असतं तर आईनं येऊच दिलं नसतं. तिनं बोलवायला हवं होतं." टोकाच्या खुर्चीवरून काय दिसतं, हे तिला आईनंच शिकवलं होतं.

यंत्र नेलं, पलंग नेला. लॅपटॉप अनघानं माझ्यासाठी म्हणून तिथेच ठेवला. रविवारी सकाळी मी वर जातो, खिडक्या उघडतो आणि तिला फोन लावतो. खडूच्या रेघा अजून आहेत. फरशी पुसतो तेव्हा त्यांना चुकवून पुसतो. वहिनींच्या खुर्चीत मी बसत नाही. शेजारी स्टूल घेतो, त्यामुळे पडद्यात मधोमध रिकामी खुर्ची दिसते आणि कडेला मी. अनघा मला सरकून मध्ये बसायला सांगत नाही. तिच्या दारापाशी आता नुसती चपलांची मांडणी दिसते. आम्ही हवापाण्याचं बोलतो, तिच्या वर्गांचं बोलतो... आणि मग बोलता बोलता वहिनींची एखादी गोष्ट निघते. म्हाताऱ्या माणसानं पोरीसमोर रडू नये.

"चल गं," मी म्हणतो, "मंडईत जायचंय."

रविवारी मी मंडईत जात नाही, हे तिला माहीत आहे. "हो काका," ती म्हणते, "जाऊन या." आणि फोन तीच आधी बंद करते.