बीप वाजला तेव्हा मी वाकलेली होते

मंडळी, घाईत लिहितेय, टायपो चालवून घ्या.

आज इथल्या, इंग्लंडच्या पोलीस भरतीची फिटनेस टेस्ट होती. पंधरा मीटरवर दोन रेषा. बीप वाजायच्या आत समोरची गाठायची, आणि दोन बीपमधला वेळ कमी कमी होत जातो. स्लाऊच्या पार्कात दोन महिने घाम गाळला होता मी.

पण शाळेपासून कबड्डी खेळलेली ना! रेषेवर उभी राहिले आणि हात आपोआप आधी जमिनीला, मग कपाळाला गेला. तेवढ्यात बीप. बाकीचे सुटले, मी वाकलेलीच!

पहिलीच रेषा उशिरा गाठली. "वॉर्निंग!" ट्रेनरबाई ओरडल्या. "पुन्हा उशीर झाला तर आउट."

आईशप्पथ, मग जीव तोडून पळाले. पुढे कानात फक्त बीप आणि माझा श्वास. शेवटच्या फेरीत पाय रेषेवर पडला आणि बीप वाजला, एकदमच.

पास!

बाई जवळ आल्या. "सुरुवातीला काय पडलं होतं तुझं?"

धापा टाकत सांगितलं. त्यांनी रेषेकडे बोट दाखवलं. "मग आता नीट नमस्कार कर. घड्याळ बंद आहे."

तुम्ही सोडली असती का ही सवय? मी नाही सोडणार. पोलिसात लागल्यावरही ही टेस्ट दरवर्षी असते. पुढच्या वेळी बीपच्या आधी वाकेन.